नळीच्या तोंडाशी

स्वराज द्वीपच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या, किनाऱ्यावर डाइव्ह आटोपून आलेल्यांना काय काय दिसलं म्हणून विचारलं तर यादी ठरलेली असते: पोपटमासे, एखादं कासव, नशीब जोरावर असेल तर रे, म्हणजे पाकट. किड्याचं नाव कुणी घेत नाही. खरं तर त्याच पन्नास मिनिटांत ती मंडळी शेकडो किड्यांवरून पोहत गेलेली असतात. रीफवरचा, म्हणजे पोवळ्यांच्या खडकावरचा, बहुतेक किडा सबंध असा दिसतच नाही. त्याचं अंग दगडात, वाळूत नाहीतर स्पंजात असतं आणि बाहेर असतो तो एखादा तुरा, दोन-चार मिशा, मूठभर दोरे. म्हणून किडे बघायच्या डाइव्हची तयारी वेगळी, पाण्यातली चाल वेगळी आणि मागाहून नाव शोधायची पद्धतही वेगळी. अंदमानात आम्ही हे कसं करतो आणि कुठे फसतो, ते इथे मांडतो आहोत.

'किडा' हा शब्द बोलायला सोयीचा आहे, इतकंच. वलयी कृमी हे गांडूळ आणि जळवांचे भाऊबंद. अंगाला वळ्या, दोन्ही बाजूंना केसांचे झुबके. चपटे कृमी वेगळे, त्यांना वळ्याही नाहीत आणि असे झुबकेही नाहीत. फीतकृमी, म्हणजे इंग्रजीतले रिबन वर्म, आणखी वेगळे. गांडूळ आणि गोगलगाय जसे वेगळ्या संघांतले, तसेच हे तीन गटही एकमेकांपासून वेगळे संघ आहेत. तरी डाइव्हमास्टर बोटाने वळवळ करून दाखवतो तेव्हा तिन्हींसाठी खूण एकच असते, त्यामुळे आपण काय बघतोय हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

तयारीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजन. इथे जवळपास सगळीकडे ११ लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी मिळते. भरलेली असताना ती जड असते, पण हवेचा दाब शेवटच्या ६०-७० बारवर आला की तरंगू लागते आणि तुमचा पार्श्वभाग वर उचलते. मासे बघणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. किड्यासमोर दगडापासून वीतभर अंतरावर स्थिर राहायचं असेल तर मात्र याच वेळी हात खाली टेकवायचा मोह होतो आणि पोवळं मोडतं. म्हणून आम्ही नेहमीपेक्षा एक किलो जास्त घेतो आणि तो कमरेला न घेता टाकीच्या पट्ट्यात अडकवतो. अंग आडवं राहतं. हातमोजे घालत नाही. मोजा घातला की माणूस धरायला लागतो. शिवाय काटेरी केसांच्या किड्याला चुकून स्पर्श झाला तर केस मोज्यात अडकून राहतात आणि नंतर त्याच हाताने मास्क सारखा करताना गालात घुसतात.

खोली ५ ते १२ मीटर पुरे. एका दगडासमोर दहा-दहा मिनिटं थांबायचं तर खोल जाण्यात तोटाच आहे: डाइव्हिंग शिकवणाऱ्या पॅडी संस्थेच्या तक्त्यात, वर येताना वाटेत थांबे न घेता, १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात, १२ मीटरला १४७. आपली मर्यादा मग तक्ता ठरवत नाही, टाकीतली हवा ठरवते. टॉर्च दिवसाही हवाच. लाल रंग पहिल्या चार-पाच मीटरमध्येच विरतो, त्यामुळे टॉर्चशिवाय लालभडक तुरा काळपट तपकिरी दिसतो आणि नजर त्याच्यावरून सरकून जाते.

पोरायटीसचा गोटा

सुरुवात नेहमी पोरायटीसपासून करावी. हे पोवळं गोलसर, ढेकळासारखं वाढतं. लांबून गुळगुळीत वाटतं, जवळून बघितलं तर मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या खळग्यांनी भरलेलं असतं. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापून अंदमानातली पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली तेव्हा फांद्यांची पोवळी जास्त मेली, हे गोटे त्या मानाने टिकले. त्यावर निळे, पिवळे, केशरी, पांढरे असे जोडीजोडीने उभे दिसणारे शंकूसारखे तुरे म्हणजे ख्रिसमस ट्री वर्म. जोडी दिसली तरी किडा एकच. दोन्ही तुरे त्याच्याच डोक्यावरचे. हे तुरे म्हणजे त्याचे कल्ले आणि जेवणाचं ताट, दोन्ही. पाण्यातले बारीक कण त्यांवर अडकतात आणि खाचेतून तोंडाकडे सरकतात. अळी जिवंत पोवळ्यावर बसते, चुन्याची नळी बांधते आणि पोवळं वाढेल तशी नळी लांबवत राहते, नाहीतर गाडली जाईल. पोरायटीस वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. तेव्हा वर जो तीन सेंटिमीटरचा तुरा दिसतो, त्याच्या खाली कितीतरी वर्षांची नळी असते.

आता जवळ जाण्याची रीत. दीड-दोन मीटरवर थांबायचं आणि सूर्य कुठे आहे ते बघायचं. आपली सावली त्या गोट्यावर पडणार असेल तर वळसा घालून दुसऱ्या बाजूला जायचं. या किड्याच्या तुऱ्यांवर डोळे असतात आणि ते सावलीला, म्हणजे उजेड कमी होण्याला, फार तिखट असतात. उजेड वाढण्याचं त्याला तितकं वावडं नाही. म्हणून टॉर्च लांबूनच लावावा, हळूहळू त्याच्यावर आणावा आणि फोटो होईपर्यंत हलवू नये. बहुतेक जण करतात ते उलटं: तोंडाशी जातात, मग टॉर्च लावतात, कॅमेरा सावरताना झोत बाजूला होतो, आणि त्या अंधाराने किडा आत. दुसरं कारण पाण्याचा धक्का. फिन मारत समोर आलात की तुमच्याआधी तुमची लाट पोचते. शेवटचा मीटर नुसत्या घोट्याच्या हालचालीने, खालच्या बाजूने, श्वास लांबवत काटायचा. वरून उतरायचं नाही.

आणखी एक फसगत कॅमेऱ्याची. ऑलिम्पसच्या टीजी कॅमेऱ्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाची सोय आहे, भिंगापासून एक सेंटिमीटरवरचंही टिपतो, म्हणून लोक भिंग तुऱ्याला टेकवायला जातात. एक सेंटिमीटरवर कॅमेऱ्याचीच सावली पडते आणि फ्लॅशचा उजेडही पोचत नाही. तीच सोय लावून, झूम पूर्ण ओढून, आठ-दहा सेंटिमीटरवरून काढलं तर फोटो जवळपास तेवढाच मोठा येतो आणि किडाही जागेवर राहतो. मोठ्या कॅमेऱ्याला ६० किंवा १०० मिमीचं मॅक्रो भिंग, एफ १६च्या आसपास, शटर १/२०० आणि फ्लॅश बाजूने.

तरीही तो आत जाणारच. क्षणात. दिसत होता आणि नाही, मध्ये काहीच नाही. इथे बहुतेक जण चुकचुकून पुढे निघतात, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी चूक ही. किडा आत गेला की नळीच्या तोंडावर झाकण बसतं. हे झाकण म्हणजे तुऱ्याचीच बदललेली काडी. त्यावर सांबराच्या शिंगांसारखे फाटे असतात, बऱ्याचदा त्यांवर शेवाळाची लव चढलेली. नळीच्या काठाला एक टोकदार काटाही असतो. जात ओळखायला रंगाचा काही उपयोग नाही, एकाच गोट्यावर एकाच जातीचे सात रंग सापडतात. उपयोग होतो तो या झाकणाचा. तेव्हा तो आत गेला म्हणजे कामाचा फोटो काढायची वेळ झाली. झाकणाचा सरळ समोरून एक, बाजूने एक, मग हलायचं नाही. मिनिटभरात, कधी चार-पाच मिनिटांत, झाकण थोडं तिरकं होतं. मागून मिटलेला तुरा भिजल्या कुंचल्यासारखा वर येतो, जरा थांबतो, आणि मग काड्या एकेक वेटोळं सोडत खालून वर उलगडत जातात. हे बघायला मिळालं तर फोटो नाही आला तरी चालेल.

पोवळ्याला या भाडेकरूचा उपयोग होतो का, हा जुना प्रश्न. ग्रेट बॅरिअर रीफवर १९८६ साली छापलेल्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की काटेरी तारामासा पोरायटीस खाऊन जातो तेव्हा या किड्यांच्या भोवतीचे पोवळ्याचे जीव वाचलेले राहतात, आणि तिथूनच ते पुन्हा पसरतात. गोट्यावर पांढरे चट्टे असतील तर तुऱ्यांच्या बुडाशी मुद्दाम बघावं.

चवऱ्या आणि शेवया

गोट्याच्या बुडाशी, दगडांच्या फटीत चवरीसारखा एकच गोल पिसारा दिसला, तर तो दुसऱ्या कुळातला. याची नळी चुन्याची नसते. चिखल आणि चिकट स्राव यांची चामड्यासारखी, वाकणारी. झाकण नसतं. पिसाऱ्याच्या काड्या आलेले कण आकाराप्रमाणे निवडतात: बारीक ते तोंडात, मध्यम ते नळी बांधायला राखून ठेवायचे, जाड ते टाकून द्यायचे. सुपात पाखडल्यासारखंच. फोटो काढताना सगळे वरून पिसाऱ्याचा गोल टिपतात, आणि ओळखायला नेमका तोच कुचकामी. बाजूने काढावा: काड्यांच्या पाठीवर डोळ्यांचे ठिपके आहेत का, असतील तर टोकाशी की मध्ये, आणि नळीचा वरचा चार सेंटिमीटरचा भाग.

पांढऱ्या बारीक नळ्यांचा गुंता, शेवग्याच्या वाळक्या काड्यांच्या भाऱ्यासारखा, त्यावर लहान लहान तुरे, असं काही दिसलं तर लांबच राहावं. ही चुन्याच्या नळ्यांच्या किड्यांची वसाहत फिनच्या एका फटक्यात ढासळते.

दगडांखालून वाळूवर पसरलेले पांढरे, कधी निळसर पट्ट्यांचे दोरे म्हणजे शेवई किडा. इंग्रजीत त्याला स्पॅगेटी म्हणतात, आपल्याकडे शेवया चपखल बसतात. दोरा मीटरभर लांब जाऊ शकतो. किड्याचं अंग दगडाखाली कुठेतरी नळीत, ते बघायचा हट्ट धरू नये. दगड उलटला तर नळी फाटते. एकच दोरा निवडावा आणि टॉर्च त्याच्यावर तिरका धरावा. दोऱ्याला लांबीभर एक खाच असते आणि तिच्यातून वाळूचे कण, काडीकचरा, एकामागून एक दगडाकडे चाललेले दिसतात. मुंग्यांची रांग बघावी तसं. दोन मिनिटं बघितलं की कळतं, हा सगळा पसारा दुपारभर वाळू झाडत असतो.

असाच दगडाच्या फटीतून बाहेर येणारा, पण एकच, हिरवट, टोकाशी इंग्रजी टी अक्षरासारखा दुभंगलेला पट्टा असेल तर तो बोनेलिया. ती मादी असते. नर काही मिलिमीटरचा, तिच्याच शरीरात राहणारा. तो डाइव्हवर दिसणार नाही.

भुगा आणि चपटे

मोडक्या पोवळ्यांच्या भुग्याकडे कुणी वळत नाही, आणि चपटे कृमी तिथेच असतात. भुग्यावर, ओट्यांच्या खालच्या अंगाला, रंगीत समुद्रफवाऱ्यांच्या, म्हणजे असिडियनच्या, थरांवर शोधायचं, कारण पुष्कळ जातींचं ते खाणं आहे.

पहिला घोळ होतो तो समुद्री गोगलगायीशी, न्यूडिब्रँकशी. पाठीवर कल्ल्यांचा गुच्छ आहे का बघायचं. असेल तर ती गोगलगाय. नसेल तर डोक्याकडे बघायचं. गोगलगायीची शिंगं पाठीच्या पुढच्या भागातून स्वतंत्रपणे उगवतात, तळाशी त्यांना खोबण असते. चपट्या कृमीची 'शिंगं' म्हणजे अंगाचीच पुढची कड दोन ठिकाणी मुडपलेली. जाडीही सांगते: चपटा कृमी कागदासारखा, खालच्या दगडाचे उंचवटे अंगातून उमटतात. गोगलगाय पायाने सरकते, तिच्या चालीत लाटा असतात. हा अंगाखालच्या सूक्ष्म केसांवर घरंगळल्यासारखा जातो, मध्ये भोक आलं तर कड आत ओतल्यासारखी उतरते आणि पलीकडून वर येते. एवढं करूनही फसायला होतं. स्यूडोसेरॉस इमिटेटस नावाचा चपटा कृमी फिलिडिया कुळातल्या खरबरीत, विषारी गोगलगायीची हुबेहूब नक्कल करतो; त्याचं वर्णन १९९४ साली झालं आणि नावातच नकलाकार आहे. दुसऱ्या बाजूला काही मासे, विशेषतः लेपाच्या कुळातल्या माशांची पिल्लं, चपट्या कृमीची नक्कल करतात.

वरून काढलेला एक सुंदर फोटो बहुतेकांकडे असतो आणि तो अपुरा असतो. पुढची कड समोरून हवी: घडी साधी असेल तर स्यूडोसेरॉस, चुरगळलेली, चौकोनी असेल आणि सगळी कड परकराच्या घोळासारखी असेल तर स्यूडोबायसेरॉस, पाठीवर मऊ बोंडं असतील तर थायसॅनोझून. शंका मिटते पोटाच्या बाजूला. स्यूडोसेरॉसला नराचं छिद्र एक, स्यूडोबायसेरॉसला दोन. हे टिपायची संधी एकच, किडा आपणहून दगड सोडून पोहायला लागतो तेव्हा. गालिच्यासारख्या नक्षीचा, पर्शियन कार्पेट म्हणून ओळखला जाणारा स्यूडोबायसेरॉस बेडफर्डी असा पोहताना कडांच्या लाटांनी पाणी ढकलतो. त्या वेळी मागे न पळता खाली जावं आणि वरच्या उजेडासमोर पोटाचा फोटो घ्यावा. पोहायला लावण्यासाठी पाणी उडवू नये, काडीने तर मुळीच उचलू नये. हा प्राणी इतका नाजूक की हाताळल्यावर फाटतो आणि स्वतःच्याच स्रावात विरघळायला लागतो. गाइडने हौसेने काडीवर उचलून दाखवलेला चपटा कृमी पुढे जगला असेल असं आम्हाला वाटत नाही.

दोन एकमेकांसमोर उभे राहिलेले दिसले तर बाकी सगळं सोडून तिथे थांबावं. प्रत्येक जण नरही असतो आणि मादीही. दोघंही समोरच्याच्या अंगात वीर्य टोचायचा आणि स्वतः टोचून न घ्यायचा प्रयत्न करतात. स्यूडोसेरॉस बायफर्कस या जातीतली ही पट्टेबाजी १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आली. ती तासभरही चालू शकते. टाकी पुरत नाही.

भुग्यात लांब, पांढरी, पाठीवर मधोमध गडद रेघ ओढलेली, बिनवळ्यांची फीत मिळाली तर ती बहुधा बेसिओडिस्कस हेंप्रिकाय, फीतकृमी. तिचं डोकं शोधून मानेवरचा पट्टा टिपावा, बस्स.

दुसऱ्याच्या जिवावर राहणारे

आम्हाला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हा. यात शोधायचा असतो यजमान, किडा मागोमाग येतो.

समुद्रकाकडीच्या अंगावर तिच्याच रंगाचा, खवल्यांचा किडा राहतो, गॅस्ट्रोलेपिडिया. काळ्या काकडीवर काळपट, हिरवट काकडीवर हिरवट. काकडी न उचलता तिच्या पोटाची कड आणि तोंडाजवळचा भाग टॉर्चने सावकाश बघत जायचं. उचलली तर ती चिकट धागे नाहीतर आतडी बाहेर टाकते. शिवाय समुद्रकाकड्या आणि पोवळी, दोन्ही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा हात लावायचा प्रश्नच नाही.

पिसतारा, म्हणजे पिसांसारख्या हातांचा तारामाशाचा नातलग, उघडलेला असेल तर त्याच्या मधल्या चकतीवर आणि हातांवर काही मिलिमीटरचे चपटे ठिपके हलताना दिसतात; ते मायझोस्टोम, कितीही ठिपक्यांसारखे दिसले तरी वलयी कृमीच. बबल कोरल नावाच्या पोवळ्याच्या फुग्यांवरचे तपकिरी ठिपके म्हणजे वामिनोआ. दिसायला चपट्या कृमींसारखे, पण त्या कुळातले नाहीत. वाळूतल्या नळीदार अ‍ॅनिमोनीच्या बाहेरच्या आवरणात गडद, घोड्याच्या नालासारखे बारीक तुरे दाटीने उभे असतील तर ते फोरोनिस. यांना पिसारेवाल्या किड्याची पिल्लं म्हणून लिहिलेलं आम्ही कितीदा वाचलंय. तुरा नालासारखा वाकलेला असतो, एवढं बघितलं की पुरे.

आणि वाळूवर नाण्याएवढं सुटं पोवळं दिसलं, हेटेरोप्सॅमिया, तर त्याच्यासमोर अंग टेकवल्याशिवाय जेवढं स्थिर राहता येईल तेवढं राहावं. त्याच्या बुडाशी एक भोक असतं. आत शेंगदाणा किडा. तो सोंड बाहेर काढून वाळूत रोवतो आणि पोवळ्याला ओढत नेतो. पोवळं गाडलं जात नाही, किड्याला घर मिळतं. पोवळं चालताना बघायचं असेल तर हा एक मार्ग.

अंधारात

रात्रीच्या डाइव्हला पांढरा टॉर्च मंद आणि लाल फिल्टर, दोन्ही न्यावं. वाळूवर सोनेरी केसांचा, पाठीवर डोळ्यांसारख्या ठिपक्यांची ओळ असलेला क्लोईया बाहेर पडतो, कधी पाण्यात उचलून पोहतोही. दगडांखालून युरिथो. हे अग्निकृमी. एकूण रूप सुरवंटाचं आणि गुणही खाजकुयलीचा. शांत असताना केस मिटलेले असतात आणि किडा मऊ, निरुपद्रवी वाटतो. डिवचला की बाजूने पांढऱ्या केसांचे झुबके फुलतात. केस चुन्याचे, पोकळ आणि ठिसूळ. कातडीत शिरले की तुटतात.

लागलंच तर चोळायचं नाही, वाळूने घासायचं तर अजिबात नाही, कारण तेव्हाच केस खोल जातात. वर आल्यावर हात वाऱ्यावर सुकू द्यायचा. मग चिकटपट्टी हलकेच दाबून सरळ उपटायची, दर वेळी नवा तुकडा, पट्टीवर केस येणं थांबेपर्यंत. नंतर व्हिनेगर किंवा स्पिरिट. पट्टीच्या आधी व्हिनेगर लावलं तर कातडी ओली होते, पट्टी चिकटत नाही आणि सगळं पुन्हा सुकेपर्यंत थांबावं लागतं. ही चूक होडीवर हमखास होते. डोळ्यात गेलं, चेहरा सुजला किंवा धाप लागली तर होडीवरचे उपाय बंद, सरळ डॉक्टर.

टॉर्च एका जागी दोन-तीन मिनिटं धरला की भोवती बारीक किड्यांचं वावटळ जमतं. यातले पुष्कळ विणीसाठी वर आलेले असतात. कानात शिरतात, म्हणून डोक्यावर हूड आणि टॉर्च अंगापासून हातभर लांब. फार झाले तर टॉर्च छातीशी झाकून अर्धा मिनिट अंधार करायचा, पांगतात. विणीला सबंध किडा येतोच असं नाही. समोआत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, चंद्राच्या शेवटच्या पादात, लोक जाळ्या घेऊन पालोलो किडे धरायला जातात. हाती लागतं ते किड्याचं अंडी-वीर्याने भरलेलं मागचं टोक. डोकं खडकात सुखरूप असतं आणि टोक पुन्हा वाढवतं. याहून टोकाचा मामला ऑस्ट्रेलियात डार्विनजवळच्या रामिसिलिसचा, २०१२ मध्ये वर्णन झालेला: डोकं एक, स्पंजाच्या आत रुतलेलं, आणि शेपट्या फाटे फुटत गेलेल्या, शेकड्यांनी. स्पंजावर फिरताना दिसणाऱ्या पांढऱ्या वळवळत्या टोकांना वेगवेगळे किडे समजणं अगदी साहजिक.

बॉबिट हा वाळूत दबा धरून बसणारा शिकारी किडा. तो बघायला लोक इंडोनेशियात लेंबेला किंवा फिलिपाइन्समध्ये अनिलाओला जातात. युनिस अ‍ॅफ्रोडिटॉइस. वाळूत भोक, त्यातून पाच पट्टेरी मिशा आणि दोन्ही बाजूंना उघडे ठेवलेले जबडे; अंगावर शिसवीच्या पॉलिशवर तेल सांडल्यासारखी इंद्रधनुषी झाक. वर येतो तो वीतभर. जपानात २००९ साली एका तराफ्याच्या तरंगत्या पिंपात सापडलेला पूर्ण मोजला गेला: २९९ सेंटिमीटर, ६७३ वळ्या, ४३३ ग्रॅम. पांढऱ्या झोताने तो खाली जातो, लाल उजेडात राहतो. दिवसा भोक ओळखायची एक युक्ती आहे. लेंबेत २०१६ मध्ये नोंदवलेल्या निरीक्षणांप्रमाणे स्कोलोप्सिस जातीचे मासे हल्ल्यानंतर भोकाभोवती जमतात आणि तोंडाने त्यात पाण्याचे फवारे मारतात. किडा आत सरकतो. चार-पाच मासे डोकं खाली करून वाळूवर थुंकताना दिसले तर जागा ध्यानात ठेवावी आणि रात्री यावं. काही ठिकाणी गाइड काडीला मासा लावून त्याला उडी मारायला लावतात. फोटो जोरदार येतो. आम्ही तसं सांगणाऱ्या गाइडबरोबर जात नाही.

किडे नसलेले

वेटोळ्या चुन्याच्या नळीतून चिकट जाळं बाहेर लोंबत असेल तर ती व्हर्मेटिड, म्हणजे शंखातली गोगलगाय. जाळं टाकायचं आणि तेच गिळायचं हा तिचा धंदा. रात्री वाळूवरून दोन मीटरचा मऊ, फुगीर, सापासारखा प्राणी जात असेल आणि पुढच्या टोकाला पिसांसारखे हात एकेक करून तोंडात जात असतील, तर ती सिनॅप्टा, समुद्रकाकडी. स्पंजावर शेवयांसारख्या शेकडो पांढऱ्या गुंडाळ्या दिसल्या तर बहुधा तिचीच छोटी बहीण सिनॅप्ट्युला. रामिसिलिस वाचून आलेला माणूस इथे नक्की फसतो.

नाव लिहिताना

नेटवरच्या फोटोंवरून नाव लावायची घाई नडते. अंदमान-लक्षद्वीपच्या ख्रिसमस ट्री वर्मला सर्रास स्पायरोब्रँकस जायगँटियस लिहितात. ती जात कॅरिबियन बाजूची. आपल्याकडची मंडळी कॉर्निक्युलेटसच्या गोतावळ्यातली, आणि त्यातही झाकणाशिवाय पुढे जाता येत नाही. तसाच प्रत्येक अग्निकृमी हर्मोडायस कॅरंक्युलाटा होतो, तो अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला. नाव चालू आहे की बदललं ते वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीजमध्ये बघावं. त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार 'वर्म्स' होतो, हा योगायोग असेल असं वाटत नाही.

ज्यांना अंदमान दूर पडतं त्यांना सराव मालवणातही करता येतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोरायटीस आहे, पाणी मात्र गढूळ, चांगल्या दिवशीही चार-पाच मीटर नजर पोचली तर खूप. किड्यांसाठी वीतभर पुरते. जेटीच्या खांबांवर आणि पाण्यात राहिलेल्या होड्यांच्या तळाला पांढऱ्या चुन्याच्या वळणावळणाच्या नळ्यांचा थर बसतो, जो होडीवाले दर हंगामात खरवडून काढतात, ते याच झाकणवाल्या घराण्यातले. झाकणाचे फोटो काढायचा हात तिथे बसवून घ्यावा. एकही पोवळं मोडण्याची भीती नाही.

नोंद वर येऊन अर्ध्या तासाच्या आत करावी, पाटीवरच्या खुणा पुसायच्या आधी. खोली, वेळ, कशावर बसला होता, अंदाजे माप, रंग सगळ्यात शेवटी. जातीचं नाव सुचत नसेल तर वरच्या गटापाशी थांबावं. आमच्या वहीतल्या निम्म्याहून जास्त ओळी अशा आहेत: स्पायरोब्रँकस, ७ मीटर, पोरायटीस, सकाळी ९, तुरा २.५ सेंमी, निळा. झाकण दिसलं नाही.